लॉगचा विकलज १/क्ष का?
जॉन नेपिअर यांनी १६१४ मध्ये लॉगरिदमची कोष्टके प्रसिद्ध केली ती मोठमोठे गुणाकार बेरजेवर आणण्यासाठी. तेव्हा कलनाचे जनक न्यूटन आणि लायब्निझ जन्मलेही नव्हते! कलनाशी धागा जुळला तो १/क्ष या वक्रामुळे. या वक्राखाली १ ते २ आणि २ ते ४ या दोन्ही पट्ट्यांचे क्षेत्रफळ अगदी सारखे भरते. गुणोत्तर समान, म्हणून क्षेत्रफळ समान. हा नियम ग्रेगॉर द सँ-व्हँसाँ यांच्या १६४७ च्या ग्रंथात आला आणि हे तर लॉगरिदमचेच लक्षण, असे द सारासा यांनी १६४९ मध्ये दाखवले. गणितातल्या सुंदर योगांपैकी हा एक. नैसर्गिक लॉग म्हणजे १ ते क्ष या पट्ट्याचे क्षेत्रफळ आणि ते वाढते वक्राच्या उंचीइतक्या वेगाने, म्हणून त्याचा विकलज १/क्ष येतो. पाया १० असेल, तर त्याला सुमारे ०.४३४३ ने गुणावे. क्ष १,००० असताना नैसर्गिक लॉगचा चढ अवघा ०.००१ उरतो, तरीही त्याच्या वाढीला कमाल मर्यादा नाही.