लढाऊ वैमानिकाच्या अंगावरचा नऊपट भार

औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्यांमुळे दुरूनही ओळखू येणाऱ्या एकलहऱ्यापासून ओझरचा विमानतळ हवाई अंतराने जेमतेम पंधरा किलोमीटर. हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा ओझर येथील कारखाना १९६४ मध्ये मिग-२१ विमानांसाठी उभा राहिला. पुढे तेथे सुखोई-३० एमकेआय तयार होऊ लागले आणि १७ ऑक्टोबर २०२५ रोजी नाशिकमध्ये बनलेल्या पहिल्या तेजस एमके-१ए ने उड्डाण केले. त्यामुळे लढाऊ विमानाचा कानठळ्या बसवणारा आवाज या परिसराला नवा नाही. मात्र असे विमान तीव्र वळण घेत असताना आत बसलेल्या माणसाचे काय होत असेल, याची कल्पना खालून पाहणाऱ्याला येत नाही.

कसारा घाटात एसटी वळली की प्रवासी एका बाजूला कलंडतात. लढाऊ विमानात हाच परिणाम कैकपटींनी वाढतो. ताशी ९०० किलोमीटर वेगाने जाणारे विमान एक किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळात वळले, तर वैमानिकावर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे साडेसहापट भार पडतो. याला साडेसहा ‘जी’ म्हणतात. आधुनिक लढाऊ विमाने ८ ते ९ जी सहन करण्याच्या दृष्टीने बांधलेली असतात. नऊ जीला ७० किलोच्या माणसाचे वजन ६३० किलो भरते. शिरस्त्राणासह सहा किलोचे डोके ५४ किलोचे होते आणि तो सगळा भार मानेच्या मणक्यांवर येतो. मानेचे दुखणे हा या व्यवसायाचा जुना सोबती आहे, तो यामुळेच.

खरा धोका मात्र हाडांना नसून रक्ताला आहे. बसलेल्या माणसाचा मेंदू हृदयापासून सुमारे ३० सेंटिमीटर उंचीवर असतो. एवढ्या उंचीवर रक्त चढवताना एका जीला साधारण २२ मिलिमीटर पाऱ्याइतका दाब खर्ची पडतो. हृदयाने निर्माण केलेला दाब १२० च्या आसपास धरला, तर पाच जीच्या सुमारास मेंदूपर्यंत पोहोचण्यासाठी दाब शिल्लकच उरत नाही. दरम्यान रक्त पोटाकडे आणि पायांकडे साचत जाते. डोळ्याच्या आत स्वतःचा दाब असल्याने दृष्टिपटलाचा रक्तपुरवठा मेंदूच्या आधी तुटतो. प्रथम रंग फिके पडतात, मग बोगद्यातून पाहावे तसे दिसू लागते, मग डोळ्यांपुढे पूर्ण अंधार येतो. यानंतरही भार कायम राहिला तर शुद्ध हरपते.

दृष्टी अंधुक होणे ही शरीराने दिलेली पूर्वसूचनाच. पण ती दर वेळी मिळेलच असे नाही. रक्त थांबल्यावर मेंदू आपल्याजवळच्या प्राणवायूवर चार ते सहा सेकंद तग धरतो. आजची विमाने एक-दोन सेकंदांत उच्च जी गाठू शकतात. अशा वेळी डोळ्यांपुढे काहीही न येता वैमानिक थेट बेशुद्ध होतो. बेशुद्धी बारा-पंधरा सेकंदांची, आणि जाग आल्यावर जवळपास तितकाच वेळ गोंधळलेल्या अवस्थेत जातो. अर्धा मिनिट विमान वाऱ्यावर. जमीन जवळ असेल तर हा वेळ पुरून उरतो.

यावर पहिला व्यवहार्य उपाय दुसऱ्या महायुद्धात निघाला. कॅनडातील टोरांटो विद्यापीठाचे विल्बर फ्रँक्स यांनी पाणी भरलेला पोशाख तयार केला. नंतर पाण्याची जागा हवेने घेतली. आजच्या जी-सूटमध्ये पोट, मांड्या आणि पोटऱ्यांभोवती पिशव्या असतात. भार वाढताच त्यांत आपोआप हवा भरते आणि रक्त खाली उतरण्याला अटकाव होतो. या साऱ्या खटाटोपातून मिळणारे संरक्षण एक ते दीड जीचेच, हे ऐकून आश्चर्य वाटेल. उरलेली मजल वैमानिकाला स्वतःच्या ताकदीवर मारावी लागते. पाय, मांड्या व पोटाचे स्नायू आवळून धरायचे, छातीत श्वास कोंडायचा आणि दर तीन सेकंदांनी झटक्यात सोडून पुन्हा घ्यायचा. हे तंत्र नीट साधले तर आणखी सुमारे तीन जी पेलता येतात. ते थकवणारे आहे आणि एक श्वास चुकला तरी महागात पडते. पाणी कमी प्यालेला, उपाशी किंवा जागरण झालेला वैमानिक म्हणूनच लवकर हार खातो. आपल्याकडचा उन्हाळा त्यात भर घालतो. काही विमानांत आसन मागे कललेले असते. त्यामुळे हृदय व मेंदू यांतील उभे अंतर कमी होते. बंगळुरूच्या वायुसेना अवकाश वैद्यक संस्थेत लांब भुजेच्या टोकाला बसवून गरगर फिरवणारे यंत्र आहे. तिथे हा सराव जमिनीवरच, डॉक्टरांच्या देखरेखीखाली होतो.

जी-सूट सर्वसामान्य वाचकांच्या नजरेत भरला तो २५ नोव्हेंबर २००९ रोजी. तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांनी वयाच्या ७४ व्या वर्षी हा पोशाख चढवून पुण्याच्या लोहगाव तळावरून सुखोईतून उड्डाण केले.

भार किती यापेक्षा तो किती काळ, हेही महत्त्वाचे. ४ जून २०२४ रोजी निफाड तालुक्यातील शिरसगाव येथे सुखोई कोसळले. दोन्ही वैमानिक आसनासह बाहेर फेकले गेले आणि बचावले. बाहेर फेकणाऱ्या अशा आसनाचा भार १५ जीच्याही पुढे जाऊ शकतो. तो सेकंदाच्या काही दशांशांपुरताच असल्याने रक्ताला खाली उतरायला अवधी मिळत नाही. तेथे कसोटी लागते ती पाठीच्या कण्याची. पाठ ताठ नसेल तर मणका दबून मोडतो. म्हणूनच अशा प्रसंगातून स्वतःच्या पायांवर चालत आलेल्या वैमानिकाच्याही पाठीच्या कण्याची तपासणी आधी केली जाते.