अंबाड्यात दडवलेली योजना

दुसऱ्या महायुद्धातील हेर स्त्रियांच्या कादंबऱ्या बहुधा ब्रिटनमधील ब्लेचली पार्क किंवा जर्मनव्याप्त फ्रान्समध्ये घडतात. ब्लेचलीत सांकेतिक संदेश उलगडणाऱ्या केंद्रातील सुमारे तीन-चतुर्थांश कर्मचारी स्त्रिया होत्या. १९४३ मध्ये ब्रिटनच्या हेर नूर इनायत खान बिनतारी संदेशवहनासाठी फ्रान्समध्ये उतरल्या. त्याच काळात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या कन्या हौसाताई पाटील (१९२६–२०२१) सातारच्या प्रतिसरकारासाठी, म्हणजे ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या समांतर सरकारासाठी, हेरगिरी करीत होत्या.

भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर घरगुती भांडणाचे नाटक रचले गेले. पोलीस सोडवायला धावले आणि साथीदारांनी आतली शस्त्रे पळवली. संशय येऊ नये म्हणून हौसाताईंनी मार मात्र खराच खाल्ला. पुढे पोर्तुगीजांच्या ताब्यातील गोव्यात पकडल्या गेलेल्या बाळ जोशी या साथीदाराला त्या बहीण म्हणून तुरुंगात भेटल्या. सुटकेची योजना लिहिलेला कागद अंबाड्यात खोवला होता. परतीच्या वाटेवर रात्री लाकडी पेटीच्या आधाराने त्यांनी मांडवी ओलांडली. एखाद्या कादंबरीकाराने हे रचले असते, तर संपादकाने अतिरंजित म्हणून कापले असते.

अशी एक खरी कथा पडद्यावर मात्र आली आहे: मुंबईत १९४२ मध्ये गुप्त काँग्रेस रेडिओ चालवणाऱ्या उषा मेहता यांच्यावर २०२४ मध्ये ‘ऐ वतन मेरे वतन’ हा हिंदी चित्रपट आला.