गाळाची साक्ष

खापरहून निघालेला रस्ता सागबारा, डेडियापाडा, नेत्रंग ओलांडून अंकलेश्वरला जातो. आमच्या भागातली माणसे मजुरीसाठी याच रस्त्याने गुजरातेत उतरतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातील ८८ औद्योगिक क्षेत्रांना प्रदूषणाचे गुण दिले. त्यात ८८.५० गुण मिळवून अंकलेश्वर पहिले आले!

तक्रार झाली की अधिकारी बाटलीभर पाणी नेतो. पण रात्री सोडलेले विष सकाळच्या बाटलीत कसे सापडणार? पाणी वाहून गेलेले असते. पारा, शिसे, क्रोमियम, पाण्यात सहजी न विरघळणारी कीटकनाशके मात्र चिखलाच्या बारीक कणांना चिकटून तळाशी बसतात. वर्षावर वर्षाचा थर चढतो. म्हणून आपण गाळाचा अहवाल मागितला पाहिजे.

जपानमधील मिनामाता येथे १९५६ साली कोळ्यांच्या वस्तीत हातपाय वाकडे करणारा रोग उघडकीस आला. शेजाऱ्यांनी तो संसर्गजन्य समजून रोग्यांना वाळीत टाकले. विषाने पीडित झालेल्यालाच विटाळाचा धनी ठरवायचे, ही रीत आपल्याला नवी नाही. १९२७ साली महाडचे तळे कोणत्या 'शुद्धी'साठी घागरी ओतून धुतले, ते आपण जाणतो. कुमामोतो विद्यापीठाच्या संशोधकांनी आधी मँगनीज, सेलेनियम, थॅलियम यांच्यावर संशय घेतला. १९५९ साली त्यांनी उपसागराच्या गाळात पारा मोजला. कारखान्याच्या सांडपाण्याच्या मुखाशी टनामागे सुमारे दोन किलो पारा निघाला, आणि समुद्राकडे जावे तसे प्रमाण घटत गेले. या उतरत्या आकड्यांनी कारखान्याकडे बोट दाखवले. तरी सरकारने कारण मान्य करायला १९६८ उजाडले.

यातून आपण शिकायचे ते असे. एका ठिकाणचा नमुना काहीच सिद्ध करत नाही. आपल्याकडच्या काळ्या बेसाल्ट खडकातच तांबे आणि क्रोमियम निसर्गतः असते. कारखान्याचा वकील नेमके हेच सांगेल. म्हणून नाल्याच्या तोंडापासून खाली ठरावीक अंतरांवर नमुने घ्यावेत, आणि नाल्याच्या वरच्या अंगाचाही एक घ्यावा. चिखलाची तुलना चिखलाशीच करावी, वाळूशी नव्हे. वाळूला विष कमी चिकटते. धातू शोधायचे तर लोखंडी खुरपे नको, प्लास्टिकचे हवे. सेंद्रिय रसायनांसाठी उलट प्लास्टिक वर्ज्य. काचेची स्वच्छ बरणी घ्यावी आणि ती बर्फात, अंधारात ठेवून न्यावी. (नमुन्यासाठी नाल्यात कोणाला उतरवले जाते, हेही पाहून ठेवा. ज्याला उतरवतात त्याला हातमोजे आणि गमबूट मिळतात का?)

प्रयोगशाळेत धातूंसाठी गाळ आम्लात विरघळवतात. सेंद्रिय रसायने द्रावकाने गाळातून ओढून काढतात. मग एक यंत्र ती वेगवेगळी करते, दुसरे प्रत्येक रेणू फोडून तुकड्यांची वजने घेते. ही वजने ठाऊक असलेल्या रसायनांच्या नोंदींशी जुळवतात. कागदावर प्रत्येक रसायनाचे एक शिखर उमटते.

खरी मेख इथे आहे. प्रयोगशाळा बहुधा ठरलेल्या यादीतलीच रसायने मोजते. यादीत नसलेले शिखर कागदावर उमटूनही अहवालात येत नाही, आणि आपण 'काही आढळले नाही' असे वाचून परततो. मीही एकदा असाच परतलो होतो. आता अर्ज लिहिताना मी एक ओळ जादा घालतो: यादीबाहेरची किती शिखरे दिसली, आणि त्यांपैकी कोणती ओळखली, ते लेखी कळवावे.