मंडईच्या आधी पोतं अंथरा

भाऊबीज झाली की गोंदिया जिल्ह्यात गावोगाव मंडई भरू लागते. दिवसा बाजार आणि दंडार हे लोकनाट्य, रात्री झाडीपट्टीचं नाटक. लेकी-जावई, मामा-मावश्या, सोयरे सगळे घरी उतरतात. नेमका याच दिवसांत घरचा कुत्रा अंगाने मोठा आणि अकलेने पोर असतो. हा योगायोग नाही. आपल्याकडच्या गावठी कुत्र्यांची पिल्लं बहुतेक हिवाळ्यात जन्मतात, त्यामुळे गेल्या थंडीत उचलून आणलेलं पिल्लू दिवाळीला ऐन दांडगाईच्या वयात येतं आणि पाहुण्यांच्या अंगावर उड्या मारतं.

पिल्लू परतलेल्या आईचं तोंड चाटून तिचं स्वागत करतं. माणसाचं तोंड उंचावर, म्हणून ते उडी मारतं. दोन किलोचं असताना या उडीवर घरादाराने हसून त्याला उचलून घेतलेलं असतं. पंधरा किलोचं झाल्यावर त्याच उडीला ओरडा बसतो. पण ओरडणं, ढकलणं, हात धरणं हेही त्याच्या लेखी लक्ष देणंच. जे हवं होतं ते मिळालं. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने प्रयोगांतून दाखवलं की ज्या वागण्याचं फळ मिळतं ते वागणं पुन्हा होतं, आणि फळ अधूनमधून मिळत राहिलं तर सवय अधिकच चिवट होते. म्हणून घरातल्या सगळ्यांनी दुर्लक्ष केलं आणि एकट्या मामाने लाडाने पाठ थोपटली, तरी उडी सुटत नाही.

आपल्या घरांत अडचण आणखी वेगळी. फाटक उघडंच असतं. पाहुणा अंगणातून थेट छपरीत येतो, चपला काढतो, त्याला पाय धुवायला पाणी दिलं जातं, आणि लेकरं पाया पडायला वाकतात. वाकलेल्या लेकराचा चेहरा बरोबर कुत्र्याच्या तोंडासमोर येतो. मला सर्वांत जास्त काळजी याच क्षणाची वाटते.

उडी मारू नको, हे कुत्र्याला शिकवता येत नाही; त्याऐवजी काय करायचं ते शिकवता येतं. त्यासाठी धानाच्या या मुलखात लागेल ते घरोघरी आहेच: एक रिकामं पोतं. छपरीच्या कोपऱ्यात, येण्याजाण्याच्या वाटेपासून दूर, पण फाटक दिसेल असं ते घडी करून अंथरा. कुत्र्याचा पाय त्यावर पडला की उकडलेल्या अंड्याचा चिमूटभर तुकडा पोत्यावरच ठेवा. हातातून दिला तर तो हातासाठी उड्या मारेल. मग बसल्यावर तुकडा, मग थोडा वेळ बसून राहिल्यावर. हे जमलं की घरातल्याच कुणीतरी बाहेर जाऊन फाटकातून आत यावं. त्यानंतर शेजारी, आणि अनोळखी पाहुणा सर्वांत शेवटी.

पाहुण्यासोबत सराव करताना गळ्यात पट्टा हवा आणि तो घरच्याच्या हाती. चारही पाय जमिनीवर असतील तोवर पाहुण्याने पुढे यायचं. उडी मारली की न बोलता पाठ फिरवायची. सुरुवातीला उड्या वाढतात, कारण जुनी युक्ती चालेना म्हणून कुत्रा ती अधिक जोराने करून पाहतो. बरेच लोक इथेच हरतात, पण खरं तर इथेच टिकायचं असतं. दिवसभर साखळीला बांधलेल्या कुत्र्याकडून मात्र यातलं काही अपेक्षू नका. सकाळी धुऱ्यावरून भरपूर फिरवून आणलेल्या कुत्र्यालाच शांत बसणं जमतं.

शेपूट पायांत घातलेला, कान मागे टाकलेला, गुरगुरणारा कुत्रा आनंदी नसतो, घाबरलेला असतो. त्याला पोत्यावर बसवू नका, पाहुण्यांपासून लांब न्या. गुरगुरण्यावर मारूही नका. मार खाऊन तो इशारा देणं सोडतो आणि पुढे थेट चावतो.

तिसऱ्या महिन्यापासून रेबीजची लस द्यायला हवी आणि ती वेळच्या वेळी पुन्हा द्यायला हवी. उडीत नखाचा ओरखडा उठला किंवा दात लागला तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठा. पाहुण्यांना त्याला फराळ भरवू देऊ नका. मनुका आणि चॉकलेट कुत्र्याला विषारी असतात.

ऐन मंडईच्या दिवशी शिकवायला बसू नये. घर भरलेलं असताना त्याला मागच्या खोलीत पाणी आणि तेच ओळखीचं पोतं द्यावं, आणि दाराला कडी लावावी.