हातमोजा घातला होता

प्रयोगशाळेतल्या फ्यूम हूडची काच किती वर आहे, यावरून कंपनीच्या सुरक्षा धोरणाबद्दल भिंतीवरच्या फ्रेमपेक्षा जास्त कळतं. काच जेमतेम दीड फूट उघडी, फ्लास्क कडेपासून वीतभर आत, आणि काचेला चिकटवलेली टिश्यू पेपरची पट्टी आतल्या बाजूला फडफडतेय, म्हणजे सगळं ठीक. पण बऱ्याच हूडमध्ये सॉल्व्हंटच्या बाटल्या रांगेनं ठेवलेल्या दिसतात, कारण त्यांना कपाटच नसतं. हवेची वाट अडते, वाफ काम करणाऱ्याच्या तोंडावर येते. कुणाला भोवळ आलीच, तर अहवालात 'कर्मचाऱ्याचा हलगर्जीपणा' असं लिहून मोकळं होता येतं. कपाटाचा विषयच निघत नाही.

हलगर्जीपणा हे चौकशीचं उत्तर नव्हे, चौकशी टाळायची सोय आहे. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजमधल्या रसायनशास्त्रज्ञ कॅरन वेटरहान 1996 च्या ऑगस्टमध्ये डायमिथाइल मर्क्युरी हाताळत होत्या. काम हूडमध्येच चाललं होतं, हातात लेटेक्सचे मोजे होते. मोज्यावर काही थेंब सांडले. पाचेक महिन्यांनी तोल जाऊ लागला, बोलणं अडखळू लागलं आणि जून 1997 मध्ये त्या गेल्या. हे द्रव्य तसल्या मोज्यातून 15 सेकंदांच्या आत आरपार जातं, हे नंतरच्या चाचण्यांत कळलं. त्यांनी नियम पाळला होता. नियमच तोकडा होता. 'हातमोजे वापरा' एवढंच सांगणारं धोरण म्हणून अपुरं. कोणत्या रसायनाला कोणता मोजा आणि तो किती वेळ टिकतो, हे त्यात हवं.

गॉगल दिला तरी लोक घालत नाहीत, असं व्यवस्थापक म्हणतात. खोटं नाही ते. पण दहाव्या मिनिटाला वाफ धरणारा गॉगल कपाळावर चढणारच. तो खरेदी करणाऱ्यानं एकदा तासभर घालून बघावा. वेळ जातो, ही दुसरी तक्रार. कचऱ्याच्या बाटलीवर आतल्या द्रव्याचं नाव आणि तारीख लिहायला मिनिटभर लागतं. ते लिहिलेलं नसलं, की संध्याकाळी घाईत कुणीतरी उरलेल्या ॲसिटोनच्या बाटलीत नायट्रिक ॲसिड ओततो, घट्ट झाकण लावतो आणि घरी जातो. आत वायू साचत राहतो, बाटली मागाहून फुटते. धोरणातलं पर्यावरणाचं कलमही इथूनच सुरू होतं. घातक कचरा सर्वसाधारणपणे 90 दिवसांपेक्षा जास्त साठवायचा नाही, असं 2016 चे नियम सांगतात. बाटलीवर तारीखच नसेल तर दिवस मोजायचे कुठून?

भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर, 1987 च्या दुरुस्तीनं कारखाने अधिनियमात लेखी सुरक्षा धोरण आणि ते कामगारांपर्यंत पोचवण्याची जबाबदारी आली. फ्रेम तेव्हापासूनची. येत्या 4 मार्चला, सुरक्षा दिनाची शपथ घेण्याआधी, आयवॉशचा नळ पंधरा मिनिटं सोडून बघा. डोळ्यात ॲसिड गेलं तर तेवढा वेळ धुवावं लागतं. पाणी तांबूस येत असेल, तर शपथ दुसऱ्या दिवशी घेतली तरी चालेल.