कपाटातला जुना कॅमेरा: कशावर चालेल, किती टिकेल

मांडवी (रत्नागिरी) : मांडवी, राजिवडा, मिरकरवाडा या पट्ट्यात ज्या घरातलं कोणी ना कोणी आखातात होतं, त्या घराच्या कपाटात एक छोटा डिजिटल कॅमेरा सापडण्याची शक्यता बरीच आहे. साधारण 2003 ते 2012 या काळात दुबई, कुवेत, दम्मामहून रजेवर येणाऱ्या माणसाच्या बॅगेत कंबल, अत्तर आणि दुधाच्या पावडरच्या डब्यांबरोबर कॅननचा पॉवरशॉट, सोनीचा सायबरशॉट किंवा निकॉनचा कूलपिक्स असायचा. निकाह, अकीका, ईद, हज्जला निघालेल्या आजी-आजोबांना निरोप, सगळं त्याच्यावर टिपलं गेलं. मग मोबाइल आले आणि कॅमेरा कापडी पिशवीत गुंडाळून वरच्या फळीवर गेला. जगभर हेच झालं. 2010 मध्ये जपानी कंपन्यांनी सुमारे 12 कोटी डिजिटल कॅमेरे बाजारात पाठवले होते. 2023 मध्ये हा आकडा 80 लाखांच्या आत आला आणि त्यात छोटे कॅमेरे 20 लाखही नव्हते.

आता तेच कॅमेरे पुन्हा खाली उतरतायत. कॉलेजच्या मुलांना त्यांच्या फोटोंचा रंग आवडतो. पण आपल्या घरांत त्याला आणखी एक कारण आहे, आणि ते जास्त महत्त्वाचं आहे. मेहंदीच्या किंवा बायकांच्या कार्यक्रमात फोटो कोणाकोणाच्या मोबाइलमध्ये जातील आणि तिथून कुठे पोचतील, याची धास्ती असते. म्हणून काही घरांत मोबाइल बाजूला ठेवायला सांगतात आणि घरातली एकच मुलगी कॅमेऱ्यावर फोटो काढते. जुन्या कॅमेऱ्याला इंटरनेट नाही, कार्ड घरातच राहतं. विचार चांगला आहे. फक्त नवरीला हळद-मेहंदी लागायच्या आत कॅमेरा ‘बॅटरी बदला’ म्हणून डोळे मिटतो, आणि मग सगळेच म्हणतात, ‘जुना झाला, फेकून द्या.’ बहुतेक वेळा कॅमेरा बिघडलेलाच नसतो.

आधी फोटो, मग बॅटरी

कॅमेरा चालतो की नाही हे बघण्याआधी त्यातलं कार्ड बाहेर काढा. मरहूम आजोबांचे, वारलेल्या चाचांचे एकमेव फोटो त्या कार्डावर असू शकतात. कार्डात फोटो विजेच्या भाराच्या रूपात साठवलेले असतात आणि वर्षानुवर्षं न वापरता पडून राहिलं की तो भार हळूहळू गळतो. कार्ड रीडरने सगळे फोटो कॉम्प्युटरवर घ्या, एक प्रत पेनड्राइव्हवर किंवा दुसऱ्या कोणाच्या घरी ठेवा. कॅमेऱ्याने ‘कार्ड फॉरमॅट करायचं का?’ असं विचारलं तर काही झालं तरी ‘हो’ दाबू नका. ओलिम्पस आणि फुजीच्या जुन्या मॉडेलमध्ये एक्सडी कार्ड असतं, सोनीत मेमरी स्टिक. साध्या रीडरमध्ये ती बसत नाहीत. जुन्या फोटो स्टुडिओत चौकशी केली तर सर्व प्रकारची कार्डं वाचणारा रीडर मिळू शकतो. नाहीतर कॅमेऱ्याबरोबर आलेली केबल शोधा, तिच्यानेही काम होतं.

सेलवाले कॅमेरे

आता बॅटरीचं. जुन्या छोट्या कॅमेऱ्यांच्या दोन जाती. एक, पेन्सिल सेलवर चालणारे: कॅननच्या ए-सिरीजचे बरेचसे आणि निकॉनच्या एल-सिरीजचे पुष्कळ. दुसरे, स्वतःची चपटी लिथियम बॅटरी असलेले: कॅननचे इक्सस, निकॉनचे एस-सिरीज, सोनीचे डब्ल्यू-सिरीज. आज वीस वर्षांनी भरवशाचा कुठला, असं विचाराल तर मी सेलवाला म्हणेन. तो जाडा आहे, खिशात फुगीर दिसतो, पण त्याचं खाणं आजही प्रत्येक किराणा दुकानात मिळतं.

मात्र दुकानात मिळणारा प्रत्येक सेल त्याला चालत नाही, आणि इथेच बहुतेकांची फसगत होते. भिंतीवरच्या घड्याळाला किंवा रिमोटला आपण जे स्वस्त सेल घालतो ते झिंक-कार्बनचे असतात. ते कॅमेऱ्यात घातले तर दहा-बारा फोटोंत संपतात, कधी कधी लेन्स बाहेर यायच्या आतच. महाग अल्कलाइन सेल त्याहून बरे, पण तेही अपेक्षेपेक्षा लवकर मान टाकतात. घड्याळ विजेचा थेंब थेंब पितं. कॅमेरा घोट घोट पितो: लेन्सची मोटर, स्क्रीन, आणि सगळ्यात जास्त म्हणजे फ्लॅश चार्ज करणं. एकदम जास्त वीज ओढली की अल्कलाइन सेलचा दाब, म्हणजे व्होल्टेज, खाली बसतो. कॅमेरा फक्त व्होल्टेज बघतो आणि म्हणतो, सेल संपला. तो संपलेला नसतो. कॅमेऱ्याने नाकारलेले अल्कलाइन सेल काढून घड्याळात घाला, महिनोन्‌महिने चालतील.

कॅमेऱ्याला योग्य सेल म्हणजे रिचार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइड. अंगावर 1.2 व्होल्ट लिहिलेलं असतं, अल्कलाइनवर 1.5. त्यामुळे लोकांना वाटतं हे कमजोर आहेत. उलट आहे. अल्कलाइन 1.5 वरून सुरू होऊन घसरत जातो, हा शेवटपर्यंत 1.2 च्या आसपास टिकून राहतो. कॅमेऱ्याबरोबरच्या पुस्तिकेत दोन्ही प्रकारच्या सेलवर किती फोटो निघतात ते दिलेलं असतं. बऱ्याच मॉडेलमध्ये रिचार्जेबलवर दुप्पट किंवा त्याहून जास्त फोटो निघतात.

जुन्या काळच्या रिचार्जेबल सेलना एक वाईट खोड होती. चार्ज करून ठेवले की महिन्याभरात आपोआप बरेच उतरायचे. म्हणून ईदला चार्ज केलेले सेल बकरी ईदला मेलेले असायचे. 2005 मध्ये सान्यो कंपनीने एनेलूप नावाचे सेल आणले, ते वर्षभर ठेवले तरी बहुतेक चार्ज धरून ठेवतात. आता ते पॅनासॉनिकच्या नावाने मिळतात आणि इतर कंपन्यांचेही तसेच सेल आहेत. पाकिटावर ‘रेडी टू यूज’ किंवा ‘प्री-चार्ज्ड’ असं लिहिलेलं बघून घ्या. चार सेल घ्या, दोन आत, दोन खिशात. जोडी नेहमी एकच ठेवा. एक नवा, एक जुना असं मिसळलं की कमजोर सेल आणखी लवकर खराब होतो आणि जोडीतल्या चांगल्यालाही वाया घालवतो.

चपट्या बॅटरीचे

लिथियम बॅटरीवाल्यांचं दुखणं वेगळं. ही बॅटरी वापरली नाही तरी म्हातारी होते. उष्णतेत आणि पूर्ण चार्ज असताना लवकर, आणि पूर्ण रिकामी ठेवली तर कधी कायमचीच जाते. बारा वर्षं कपाटात पडलेल्या बॅटरीला चार्जरवर लावलं आणि दिवा लागलाच नाही, तर चार्जर खराब आहे असं लगेच समजू नका. फार खाली उतरलेल्या बॅटरीला तिच्या आतलं संरक्षक सर्किटच बंद करतं. ओढूनताणून ती जागी करायच्या फंदात पडू नये. बॅटरी फुगलेली असेल, कॅमेऱ्यातून निघता निघत नसेल, तर सुरीने उचकटू नका. तिला भोक पडलं तर आग लागू शकते. घरच्या कचऱ्यातही टाकू नका.

नवी घ्यायची तर नाव नीट बघा. सोनीच्या अनेक डब्ल्यू मॉडेलना एनपी-बीजी1, कॅननच्या जुन्या इक्ससना एनबी-4एल, निकॉनच्या बऱ्याच एस मॉडेलना ईएन-ईएल10 लागते. बाजारात आज मिळतात त्या बहुतेक दुसऱ्या कंपन्यांच्या. त्यातल्या काही चांगल्या चालतात. पण कागदावरचा आकडा वाचा. एनबी-4एलची मूळ क्षमता 760 मिलिअँपिअर-तास, ईएन-ईएल10ची 740. त्याच आकाराच्या बॅटरीवर कोणी 1500 किंवा 1800 लिहिलं असेल तर ते खोटं आहे. तेवढ्या जागेत तेवढी क्षमता मावत नाही. आणि ‘ओरिजिनल, सीलबंद’ म्हणून कोणी 2011 चा माल दिला तर खुश होऊ नका, ती सीलबंद अवस्थेतच म्हातारी झालेली असते.

चार्जर हरवला असेल तर दोन सरकत्या पिनांचा युनिव्हर्सल चार्जर लोक वापरतात. निकडीला ठीक, पण रात्रभर लावून झोपू नका. आखाताहून आलेल्या मूळ चार्जरचा चौकोनी तीन पिनांचा प्लग आपल्या सॉकेटला बसत नाही एवढंच. त्याच्यावर 100–240 व्होल्ट लिहिलेलं असेल तर साधा कन्व्हर्टर प्लग लावून बिनधास्त वापरा.

कंपनीने सांगितलेल्या फोटोंच्या संख्येबद्दलही थोडं. 2003 पासून जपानमधल्या कॅमेरा कंपन्यांच्या संघटनेने मोजणीची एक पद्धत ठरवली आहे: दर 30 सेकंदांनी एक फोटो, एक सोडून एक फोटोला फ्लॅश, झूम आत-बाहेर, दर दहा फोटोंनंतर बंद करून पुन्हा चालू, आणि खोलीचं तापमान 23 अंश. मेहंदीच्या रात्री आपण असं वापरत नाही. प्रत्येक फोटोला फ्लॅश, आणि प्रत्येक फोटोनंतर सगळ्या जणी स्क्रीनवर वाकून बघणार. म्हणजे पुस्तिकेत 240 लिहिले असतील तर नव्या बॅटरीतही त्याहून कमी धरा. बघणं कार्यक्रमानंतर ठेवलं तर बॅटरी लक्षात येईल इतकी जास्त चालते. हे सांगून कोणी ऐकत नाही, ही गोष्ट निराळी.

कोकणची हवा

बॅटरी ठीक असूनही कॅमेरा मरतो, त्यात आपल्या हवेचा हात असतो. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि मांडवीला तर उरलेले आठ महिने खारं वारं आहेच. बॅटरीच्या कप्प्यातली पितळी-रुपेरी टोकं हिरवट किंवा पांढरी झालेली असतील तर नवे सेल घालूनही कॅमेरा चालू होणार नाही. आत राहून गेलेला अल्कलाइन सेल गळाला की पांढरी पावडर जमते. ती क्षार असते. कानात घालायच्या कापसाच्या काडीला व्हिनेगर किंवा लिंबाचा रस किंचित लावून पुसा, मग स्पिरिटने पुसून पूर्ण वाळू द्या. शंभरातले कित्येक ‘मेलेले’ कॅमेरे एवढ्याने उठतात.

दमट हवेचा एक मोठा किस्सा या कॅमेऱ्यांच्या इतिहासातच आहे. 2005 च्या ऑक्टोबरमध्ये सोनीने जाहीर केलं की त्यांनी बनवलेल्या काही सीसीडी सेन्सरमध्ये दोष आहे. उष्ण आणि दमट हवेत आतल्या बारीक तारांचे जोड सुटतात. हे सेन्सर सोनीसोबत कॅनन, निकॉन, फुजी अशा इतर कंपन्यांच्या कॅमेऱ्यांतही होते. कॅननच्या यादीत पॉवरशॉट ए60, ए70, ए75, ए300, ए310 ही मॉडेल होती. कंपन्यांनी तेव्हा हे फुकट दुरुस्त करून दिले. ओळखायची खूण सोपी: मेनू नीट दिसतो, जुने फोटो नीट दिसतात, पण फोटो काढायला गेलं की स्क्रीन काळी किंवा जांभळट रेघांची. असं असेल तर बॅटरीवर पैसे घालू नका. कोणी जुना कॅमेरा विकत असेल आणि मॉडेल 2005 च्या आधीचं असेल, तर समोर एक फोटो काढून बघितल्याशिवाय घेऊ नये.

लेन्स अर्धवट बाहेर येऊन अडकते, कॅननवर ‘ई18’ किंवा ‘लेन्स एरर’ येतं, ते बहुतेक वाळूमुळे किंवा पडल्यामुळे. मांडवीची काळी वाळू बारीक आणि जड, लेन्सच्या नळीत शिरली की निघत नाही. बीचवर न्यायचाच असेल तर लेन्स बाहेर काढलेली असताना वाळूत ठेवू नका. आणि घरी स्क्रू काढून आत बघायचा मोह आवरा: फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये सुमारे 300 व्होल्ट साठलेले असतात, बॅटरी काढल्यावरही.

ठेवण्यासाठी सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे घट्ट झाकणाचा डबा आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या. तांदूळ नको, त्याचा पीठकण लेन्समध्ये जातो. सेल बाहेर काढून ठेवा, लिथियम बॅटरी अर्धी चार्ज करून. पावसाळ्यात महिन्यातून एकदा काढून झूम चालवा, चार फोटो काढा.

सेकंडहँड घेताना एक लहान तपासणी राहून जाते. बॅटरी काढून लगेच परत घातली आणि तारीख पुसली गेली, तर आतला घड्याळाचा सेल गेला आहे. फोटो निघतील, पण सगळ्यांवर कारखान्याची सुरुवातीची तारीख पडेल, आणि पुढे कुठला निकाहचा नि कुठला वलीम्याचा हे कळणार नाही. काही कॅमेऱ्यांत हा बटणासारखा सेल बदलता येतो, काहींत मुख्य बॅटरी एक-दोन दिवस आत ठेवली की तो आपोआप चार्ज होतो. कार्डाचंही बघा: 2006 च्या आधीचे बहुतेक कॅमेरे 2 जीबीपेक्षा मोठं एसडी कार्ड ओळखत नाहीत. आजचं 64 जीबीचं घालून ‘कॅमेरा खराब’ म्हणू नका.

उमराहला किंवा आखातात परत जाताना हा कॅमेरा नेणार असाल, तर जास्तीची लिथियम बॅटरी चेक-इन बॅगेत चालत नाही. ती हातातल्या बॅगेतच ठेवायची, टोकांवर चिकटपट्टी लावून किंवा प्लास्टिकच्या डबीत घालून. पेन्सिल सेलसुद्धा नाण्यांबरोबर, चाव्यांबरोबर सुटे टाकू नका.