माशाचाही जीव गुदमरतो बरं का!

कळंबोलीच्या दुपारी फ्रिजमधलं गार पाणी काचेच्या पेल्यात ओता आणि पेला खिडकीत ठेवून द्या. बाहेरच्या बाजूला आलेल्या थेंबांकडे बघू नका, आत बघा. थोड्या वेळाने काचेला आतून बारीक बारीक बुडबुडे चिकटलेले दिसतील. ही पाण्यात विरघळलेली हवा. पाणी तापलं की ती त्यात मावत नाही. साखरेचं उलटं असतं, ती गरम पाण्यात जास्त विरघळते!

मासे कल्ल्यांनी श्वास घेतात तो याच विरघळलेल्या हवेतल्या ऑक्सिजनवर. 20 अंशांच्या समुद्राच्या पाण्यात तो लिटरमागे साधारण 7.4 मिलिग्रॅम मावतो, 30 अंशांना जेमतेम 6.2. दोनच्या खाली गेला, की बहुतेक माशांचा जीव कासावीस होतो.

आपल्या कासाडी नदीचं पाणी पनवेलच्या खाडीतून शेवटी अरबी समुद्रालाच मिळतं. या समुद्राच्या पोटात, सुमारे 150 ते 1000 मीटर खोलीवर, ऑक्सिजन जवळजवळ नसतोच. पावसाळ्यात केरळपासून गोव्यापर्यंत हे खोलातलं गार पाणी वर सरकत किनाऱ्याजवळ येतं. (आपल्या बाजूला याचा जोर कमी.) त्याच्यावर पावसाच्या गोड्या पाण्यामुळे हलका झालेला, उबदार पाण्याचा पातळ थर पसरतो. हलकं पाणी खाली जात नाही, म्हणून वरची हवा तळापर्यंत पोचत नाही. त्यात भर म्हणजे वरून मेलेले सूक्ष्म जीव तळाशी पडतात, आणि त्यांना कुजवणारे जिवाणू उरलासुरला ऑक्सिजनही फस्त करतात.

गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ 1997 पासून कांदोळीसमोरच्या समुद्रातलं पाणी तपासत आले आहेत. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तिथे तळाजवळचा ऑक्सिजन जवळपास संपतो. कधी कधी तर पाण्याला सडक्या अंड्यांचा वास येतो! पोहता येणारे मासे पळ काढतात. तळाला चिकटून बसणाऱ्या जिवांनी जायचं कुठे? हिवाळ्यात वरचं पाणी खाली मिसळतं, तेव्हा कुठे तळाला पुन्हा हवा मिळते.

हे दरवर्षीचं चक्र निसर्गाचंच. पण समुद्र तापला की पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, आणि वरचा उबदार थर खालच्यात मिसळायलाही तयार नसतो. 1960 पासूनच्या पन्नास वर्षांत जगातल्या समुद्रांनी सुमारे 2 टक्के ऑक्सिजन गमावला. परीक्षेत दोन मार्क गेले तर चालतं, इथे नाही. कारण ही घट सगळीकडे सारखी नाही, काही ठिकाणी बरीच जास्त आहे.

यातून सुटलेला एक पठ्ठ्या मात्र आपल्याच खाडीत राहतो: निवटी. ओल्या कातडीतूनही श्वास घेणारा हा मासा ओहोटीला चिखलावर खुशाल उड्या मारतो. बघायला जाल तेव्हा मोठं माणूस बरोबर न्या आणि काठावरूनच बघा. खाडीच्या चिखलात पाय रुतला, की निघता निघत नाही!